मान वळवलेला राघू

"दौलू, नीट बघून सांग. हा राघू मूळचा, का मागाहून बसवलेला?"

डॉक्टर सबनीस बंदूक दारातल्या उजेडात धरून उभे होते. डोळ्याला भिंग होतं. आनसाबाई चुलीपुढं चहा गाळत होती. तिचा हात मध्येच थांबलेला मला दिसला.

मी म्हणालो, "भायेर नेऊन बघाय पायजे. हितं अंधार हाय."

अंधार काही नव्हता. मला वेळ पाहिजे होता.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची, दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी तेव्हा पन्नाशीचा होतो. कोळंबवाडी हे गाव भुदरगडच्या डोंगरात, माझ्या गावापासून दोन कोसांवर. वाडीच्या वरच्या अंगाला एकच घर, ते रावबा खोराट्याचं. रावबा चैत्रात वारला होता. मूलबाळ नव्हतं. आता त्या घरात आनसाबाई होती आणि भिंतीवरची बंदूक होती.

डॉक्टर सबनीस हे जनावरांचे डॉक्टर. आमच्या तालुक्यात बारा वर्षं नोकरी केली. कुणाची गाय अडली की गोठ्यात जायचे, आणि गाय सुटली की हात धुताना त्यांची नजर घराच्या भिंतीवर जायची. त्या काळी रानडुकरांसाठी आमच्या डोंगरात बऱ्याच घरी ठासणीची बंदूक असायची, पणज्या-खापरपणज्यापासून चालत आलेली. नळीत वरून दारू ठासायची, घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा बसवायचा, चाप ओढला की ठिणगी. बहुतेक बंदुका साध्याच. पण एखाद्या दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगावर, पितळेचा पत्रा कापून चंद्र-सूर्य, मासा, नाग, असं काहीतरी बसवलेलं असायचं. डॉक्टरांना वेड त्याचं. पातळ कागद वर ठेवून पेन्सिल घासत त्या नक्षीचे ठसे घ्यायचे. नोकरी संपल्यावर कोल्हापुरात राहिले, रीतसर परवाना काढला, आणि माडीवरच्या खोलीत एकवीस बंदुका लावल्या. बायको आधीच गेली होती. मुलगी बंगलोरला. त्या खोलीत ते आणि बंदुका.

फुटका दस्ता सांधायला म्हणून ते पहिल्यांदा माझ्याकडं आले, आणि मग अकरा वर्षं येत राहिले. मी काम करायचो, ते स्टूल टाकून समोर बसायचे. माझी बायको गेली तेव्हाही तसेच येऊन बसले होते. जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो." आणि आले.

मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. अंगठाच होता. एकदा त्यांच्या कुणा मित्रानं अमेरिकेतून एक जाड पुस्तक पाठवलं. तिथल्या डोंगरातले कारागीर दोनशे वर्षांपूर्वी गारेच्याच बंदुका करायचे, पण लांब, उभी केली तर माणसाच्या छातीला लागेल एवढी. मॅपल म्हणून कुठलं झाड आहे, त्याच्या लाकडावर वाघासारखे पट्टे. त्यावर पितळेची झाकणं, चांदीच्या चांदण्या, फुलं, पाखरं.

डॉक्टर म्हणाले, "तिकडं एकेका पाखराचा कारागीर कोण, ते शोधण्यात लोक जन्म घालवतात."

"आन आपल्याकडं?"

"आपल्याकडं मी आहे. आणि मला काय कळतंय?"

मी एका चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो कारागीर डावरा हाय."

"कशावरून?"

"रेघ बघा की. उजव्या हाताची रेघ ह्या अंगानं खोल शिरती, तिकडं पातळ हुती. ही उलटी हाय. माझ्यावानी."

डॉक्टरांनी पुस्तक उजेडाला धरलं. मग म्हणाले, "मी अक्षरं वाचतो दौलू. तू लाकूड वाचतोस." त्या दिवसापासून माझ्या शब्दाशिवाय एकही बंदूक त्यांच्या भिंतीवर गेली नाही. त्यांचा एक नेम होता. सांधलेला दस्ता चालेल, पण नक्षी मूळची पाहिजे. मागाहून कुणी ठोकलेली असेल तर ती बंदूक ते घ्यायचे नाहीत, कितीही देखणी असो.

कोळंबवाडीची ही बंदूक त्यांना पोलीस पाटलाकडून कळली. जीपमध्ये मला म्हणाले, "दोन कोसांवर अशी चीज, आणि अकरा वर्षांत तू बोलला नाहीस? डोळे गेले काय तुझे?"

मी म्हणालो, "वय झालं."

मी बंदूक घेऊन अंगणात आलो. दस्ता काळ्या शिसवीचा. उजव्या अंगाला पितळी खिळ्यांच्या तीन ओळी, सोन्यासारख्या चमकत होत्या. रावबा पडलेल्या डुकरामागं एक खिळा ठोकायचा. डाव्या अंगाला एकटा राघू होता, वीतभर लांब, मान मागं वळवून बघणारा. तो काळाकुट्ट पडला होता.

आनसाबाई चहा घेऊन आली. पदर डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट लपेटलेला. तसाच हात पुढं करून तिनं डॉक्टरांना कप दिला.

"बाई, ही घासता काय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दरसाल खंडेनवमीला. चिच आन राख लावून. मग हळद-कुंकू, फूल. हत्यार हाय न्हवं?"

"मग हा राघू असा का?"

"त्यो तसलाच हाय. कितीबी घासा, निघत न्हाई."

मी कपात बघत राहिलो. चिंच लावल्यावर निघत नाही असं पितळ मी जन्मात बघितलेलं नाही.

डॉक्टर मात्र हरखले. "ऐकलंस? हा साधा डाग नव्हे. जुनं पितळ आहे हे, मुरलेलं." मग त्यांनी पुन्हा भिंग लावलं आणि एकदम लहान पोरासारखे ओरडले, "दौलू! अरे, रेघ उलटी आहे! हा पण डावरा! बघ, बघ, पंखाखाली बघ! तू शिकवलंस ते आज मला दिसलं!"

"व्हय," मी म्हणालो. "दिसतंय खरं."

आनसाबाई उंबऱ्यावर बसली. "डाक्टरसाब, एक इचारू? पाटील म्हणतोय, ज्याच्या नावचा परवाना हुता त्यो गेला, तवा दिवाळीच्या आत ठाण्यात जमा करा. तितं तिचं काय करत्यात?"

"ठेवतात खोलीत. पडून पडून गंजते. मग कधीतरी मोडीत जाते."

"म्हंजे तोडत्यात."

"तोडतात."

"आन तुमी नेली तर?"

"माझ्या परवान्यावर चढेल. भिंतीवर राहील. माझ्यामागं सगळ्या बंदुका एका कॉलेजला द्यायच्या ठरवल्यात, तिथं राहील. पण बाई, आधीच सांगतो, नक्षी मूळची असेल तरच नेईन. दौलूनं नाही म्हटलं तर माझा इलाज नाही. तो सांगेल ते."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत म्हणाली, "दसऱ्याला फूल वाहाल न्हवं तिला?"

डॉक्टर हसले. "मी देवालाही फूल वाहत नाही, बाई."

"मी वाहीन," मी म्हणालो. "दरसाल जाऊन वाहीन, वैनी."

"हां," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तुझा निकाल झाला म्हणायचा. बोल मग. मूळचा?"

मी राघूवर अंगठा ठेवला. चोचीपासून शेपटीपर्यंत फिरवला. चार खिळ्या होत्या, चारही जागच्या जागी. अकरा वर्षांत मी डॉक्टरांना तीन बंदुका नाकारायला लावल्या होत्या. एकदा एका सरदाराच्या नातवासमोर म्हणालो होतो की हे कमळ गेल्या साली बसवलंय. डॉक्टर हात जोडून उठले होते.

"मूळचा हाय," मी म्हणालो. "बंदुकीसंगंच झालेला."

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आनंदात त्यांचा चहा सांडला. बंदूक गुंडाळायला जाड कापड आणतो म्हणून ते उतारावर उभ्या केलेल्या जीपकडं गेले.

ते दिसेनासे झाल्यावर आनसाबाई म्हणाली, "खोटं बोललास, दौलू."

"तू बी की, आनशी."

एकतीस वर्षांत मी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. ती हसली. दात दोनच दिसले. मग तिनं हातावरचा पदर सोडला.

डाव्या हातावर गोंदण होतं. राघू. मान मागं वळवलेला.

ती आमच्याच गावची. नऊ वर्षांची असताना जत्रेत गोंदून घ्यायला बसली. मी मागं उभा होतो, दहा-अकरा वर्षांचा. सुई टोचली तशी तिनं वळून माझ्याकडं बघितलं, हात हलला, आणि राघूची मान चुकली. गोंदणारी म्हातारी वैतागली. म्हणाली, "आता ह्यो जलमभर मागंच बघणार बघ, बये." आणि तिनं मान वळवूनच चित्र पुरं केलं.

पुढं आमच्यात काही झालं असं नाही. विहिरीवर दिसायची. ती देसायांची, मी सुतार. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकोणीसशे पन्नास साली तिचं लग्न ठरलं. आमच्याकडं वरातीत बंदुकीचे बार काढायचे. नवऱ्या मुलानं आजाची बंदूक बाहेर काढली तर दस्त्याला भेग. ती माझ्या बापाकडं आली. बाप तापानं पडला होता. मी भेगेत पाचर मारली, सरस भरला, आणि वर झाकायला पितळेचा पत्रा पाहिजे होता. पत्रा मी कापला. राघू मला दुसरा येतच नव्हता.

वरातीत अकरा बार निघाले. मी घरात बसून ऐकले. एकाही बाराला दस्ता हलला नाही.

"त्यास्नी कळलं?" मी विचारलं.

"लगीन झाल्यावर म्हैनाभरानं. एकदा माझ्या हाताकडं बघितलं, एकदा दस्त्याकडं. बोलले कायबी न्हाईत." तिनं उंबऱ्याशी आलेली कोंबडी हाकलली. "पर डुकराचा खिळा ठोकताना ह्या अंगाला कवा हात लावला न्हाई. सगळे पल्याडच्या अंगाला. बेचाळीस."

"आन तू? घासला का न्हाईस?"

"घासला अस्ता तर एवढ्या वर्सात मान झिजली अस्ती की रं."

खालून जीपचं दार वाजलं. तिनं पदर पुन्हा हातावर घेतला. डॉक्टर कापड घेऊन धापा टाकत आले. आनसाबाईनं ते बघितलं, नको म्हणाली, आत जाऊन आपलं जुनं लुगडं घेऊन आली. बंदूक त्यात गुंडाळून तिनं स्वतः दिली. माझ्या हातात नाही, डॉक्टरांच्या.

"संबाळा," एवढंच म्हणाली.

जीप वळली तेव्हा मी मागं बघितलं. दारातून आतली भिंत दिसत होती. बंदूक होती तिथं तेवढाच लांब पांढरा पट्टा होता.

वाटेत डॉक्टर बोलत होते, हसत होते. "अमेरिकेतल्या मित्राला कळवतो. म्हणावं, तुमच्याकडं डावरा होता तसा आमच्याकडं पण एक होता. अजून दीडशे वर्षं काय, कुणी शोधू शकणार नाही त्याला. काय दौलू?"

"व्हय," मी म्हणालो.

"गप्प का?"

"गाडी लागतीया."

पुढच्या दसऱ्याला मी कोल्हापूरला गेलो. झेंडूचं फूल वाहिलं. माडीवर चार पाहुणे होते, कॉलेजातले शिकलेले लोक. डॉक्टरांनी राघू दाखवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही यांची पारख. यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ." पाहुण्यांनी मला नमस्कार केला. मी चहा न घेता एसटी पकडली.

त्यानंतर मी गेलो नाही.

रविवारी जीपचा आवाज आला की मी मागच्या दारानं परड्यात जायचो आणि सुनेला सांगायचो, म्हातारं गावाला गेलंय म्हणून सांग. असं चार-पाच वेळा झालं. मग जीप येईना. पत्रं येऊ लागली. पोस्टमन म्हणायचा, "वाचून दावू काय, दौलूमामा?" मी म्हणायचो, ठेव. मला वाटायचं, त्यांना कळलं असणार आणि तेच पत्रात असणार. परक्या तोंडून ते ऐकायची हिंमत नव्हती. पाच पत्रं झाली. ती मी पटाशीच्या पेटीत खाली घालून ठेवली. सहावं आलं नाही. सत्त्याऐंशी साली कुणीतरी बाजारात सांगितलं, जनावरांचे डॉक्टर वारले. आनसाबाई त्याच्या आधीच गेली होती. तिच्या मातीला मी होतो, गावकऱ्यांतला एक म्हणून, मागं उभा.

शहाण्णव साली शाळेत प्रौढांचा वर्ग निघाला. मी पासष्टीचा. शिकवायला गावातलीच वनिता होती, माझ्या नातीएवढी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "दौलूआजा, खडू डाव्या हातात न्हाई, उजव्यात धरायचा." मी म्हणालो, "बाई, उजव्या हातानं मला घासबी तोंडात घालता येत न्हाई." सगळा वर्ग हसला. मग तिनं मला डाव्यानं लिहू दिलं. दोन वर्षं लागली. लाकूड वाचायला एवढा वेळ लागला नव्हता.

जोडाक्षरं यायला लागली तशी मी एका दुपारी पटाशीची पेटी उघडली. पत्रं पिवळी पडली होती.

"दौलू, बेळगावकडची एक बंदूक आली आहे. दस्ता फुटका. तुझ्यावाचून कोण बघणार? ये."

"दौलू, दोनदा येऊन गेलो. भेट नाही. तब्येत बरी आहे ना? ये."

तिसरंही तसंच. चौथ्यात होतं, गुडघे धरलेत, जीप विकली, आता तूच ये. पाचवं सगळ्यांत लहान. "दौलू, औंदा दसऱ्याला राघूला फूल मीच वाहिलं. तुझं काम मला करावं लागतंय. ये."

रागाचा एक शब्द नव्हता. मी पाचही पत्रं पुन्हा वाचली. म्हणजे त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, असं मला वाटलं. त्यात बरं वाटावं असं काही नव्हतं.

त्या दसऱ्याला मी कॉलेजात गेलो. सुट्टी होती, पण शिपायानं दार उघडून दिलं. लांब खोली, दोन्ही अंगांना काचेची कपाटं, प्रत्येक बंदुकीखाली एक पाटी, डॉक्टरांच्याच अक्षरातली. ते अक्षर आता मला ओळखू येत होतं. मी एका टोकापासून वाचत निघालो. मासा असलेली बंदूक. "नक्षी मूळची." चंद्र-सूर्य. "नक्षी मूळची." नाग. "नक्षी मूळची." प्रत्येक पाटीवर ते दोन शब्द होते. वीस पाट्या वाचायला मला तासभर लागला असेल. शिपाई कंटाळून स्टुलावर बसला होता.

राघू शेवटच्या कपाटात होता. तसाच काळा, मान वळवलेला. त्याच्याखाली फिकट झालेलं आनसाबाईचं लुगडं घडी करून ठेवलं होतं.

मी काचेवरून पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो.

"गारेची बंदूक. कोळंबवाडी. दस्ता शिसवी, सांधलेला."

सांधलेला. राघू न काढता ती भेग दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे त्यांनी तो कधीतरी काढून बघितला होता आणि पुन्हा होता तसा बसवला होता. पुढं "नक्षी मूळची" असेल म्हणून मी वाचलं. ते शब्द तिथं नव्हते.

"राघू डावऱ्या कारागिराच्या हातचा."

आणि त्याच्याखाली, सगळ्यांत शेवटी, "पारख : दौलू सुतार."

माझं पुरं नाव डॉक्टरांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच वाचत होतो. अकरा वर्षं डॉक्टर माझ्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि मला रंधा मारताना बघायचे.

"बाबा," शिपाई उठून आला, "फूल आत न्हाई ठेवता येत, काच हाय. खाली ठेवा. आन हात काढा जरा, काचंवर ठसा उठतोय."

मी हात काढला. डावा होता.